चूल कुणाची, पोर केवढं

घरोघरी फिरून फोनवर भरायच्या आरोग्य सर्वेक्षणाचं प्रशिक्षण असलं की पहिला दीड दिवस मी कुणाच्या हातात फोन देत नाही. खोकी टेबलावर असतात, फोन चार्ज केलेले असतात, पण खोकी उघडायची नाहीत. गेल्या महिन्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये २८ जणांची तुकडी होती, त्यात २२ मुली. कुणी पाटणकडची, कुणी माण-खटावची, दोघी मेढ्याहून रोज एसटीनं येणाऱ्या. पहिल्या चहापर्यंत "मॅडम, फोन कधी देणार?" हे तीनदा विचारून झालं. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली, 'तुमच्या घरात कोण कोण राहतं?', आणि जोड्या पाडल्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं, उत्तर वहीत लिहायचं.

दहा मिनिटांत हॉलमध्ये वाद सुरू झाले. ते व्हावेत म्हणूनच हा प्रश्न पहिला असतो.

दहिवडीकडच्या एका मुलीचं घर फळ्यावर मांडलं. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तमिळनाडूत. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला येतात. भाऊ पुण्याला कंपनीत. शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. घरी आई आणि ही. मधल्या भिंतीपलीकडं चुलता, चुलती आणि त्यांची दोन पोरं. शिवाय आजी. आजी दोन महिने यांच्यात, दोन महिने भिंतीपलीकडं, दोन महिने विट्याला थोरल्या चुलत्याकडं. रेशनकार्ड अजून आजोबांच्या नावावर, सगळ्यांचं मिळून एकच. जोडीदारणीनं वहीत ९ माणसं लिहिली होती. मुलगी म्हणत होती, "आम्ही दोघीच की." मागच्या बाकावरची म्हणाली, तीन, कारण आजी सध्या यांच्यातच आहे.

नियम तसा छोटा आहे. एका छताखाली राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. रेशनकार्ड, सातबारा, दारावरचा नंबर यांचा त्याच्याशी संबंध नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात यादी करताना दोन गोष्टी विचारतात: हे माणूस नेहमी इथं राहतं का, आणि काल रात्री इथं झोपलं होतं का. म्हणजे काल मुक्कामाला आलेली नणंदही यादीत येते आणि काही दिवसांसाठी कामाला बाहेर गेलेला घरधनीही. पण 'तुमच्या कुटुंबात किती सदस्य आहेत?' असं पुस्तकी विचारलं की बाई रेशनकार्डावरचीच नावं सांगते, कारण आजवर दारात आलेल्या प्रत्येक माणसानं तिला तेच विचारलेलं असतं. आपल्याकडं विचारायचं असतं, "तुमचं एकत्रात आहे, का वेगळं झालंय?" हा प्रश्न मात्र कुठल्याही बाईला पहिल्या झटक्यात कळतो. वेगळं कधी झालं, कशावरून झालं, हेही ती सांगायला लागते, आणि ते दोन मिनिटं ऐकून घ्यायचं असतं.

या यादीवर मी एवढा वेळ का घालवते? कारण पुढचं सगळं सर्वेक्षण तिच्यावर चालतं. यादीत १५ ते ४९ वयाची बाई असेल तर फोन तिच्या नावानं प्रश्नांचा एक भाग उघडतो. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर वजन, उंची, लसीकरण, जुलाब-ताप असा दुसरा भाग उघडतो. तिशीच्या वरच्यांचा रक्तदाब. आणि जे माणूस यादीतून सुटलं, त्याच्याबद्दल फोन कधीच काही विचारत नाही. लाल खूण येत नाही, आवाज होत नाही. फॉर्म हिरवा होतो आणि निघून जातो.

मी २००७ साली पहिल्यांदा घरोघरी फिरले ते कागद घेऊन. एका घराचा फॉर्म म्हणजे चाळीसेक पानांची वही. प्रत्येक पानावर बाण: उत्तर 'नाही' असेल तर अमुक प्रश्नावर जा. पाटण तालुक्यातल्या पावसात खताच्या रिकाम्या पोत्यात त्या वह्या गुंडाळून आम्ही चढ चढायचो. बाण चुकला तर ते कळायचं तीन आठवड्यांनी, कुणीतरी पुण्यात बसून संगणकावर भरायला घेतल्यावर. तोवर आम्ही तालुका सोडलेला असायचा. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पहिल्या तीन फेऱ्या अशाच कागदावर झाल्या. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून लहान संगणक आले. आमच्यासारख्या छोट्या कामांना ओपन डेटा किट आणि त्याच्याच पायावर उभं राहिलेलं कोबो टूलबॉक्स मिळालं. एक्सेलच्या तक्त्यात प्रश्न, त्याचा प्रकार आणि तो कधी विचारायचा याची अट लिहिली की फोनमध्ये फॉर्म तयार. बाण आता फोनच सांभाळतो. चार वर्षांच्या मुलाला कुणी चाळीस किलो वजन घातलं तर तो पुढं जाऊ देत नाही. फॉर्म किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, हे लिहून ठेवतो. आणि त्याच रात्री मला दिवसभराचं काम दिसतं. या शेवटच्या गोष्टीसाठी तरी मी कागदाकडं परत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नांची भाषा. फॉर्मचं मराठी बहुतेक वेळा शहरात झालेलं असतं. 'गेल्या दोन आठवड्यांत बालकास अतिसार झाला होता का?' हे वाक्य मी एका मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं आणि दुसरीला आई होऊन बसवलं. आई झालेली मुलगीच एक क्षण थांबली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं: "गेल्या पंधरा दिवसांत बाळाला जुलाब झाले होते का?" पण तेवढ्यानंही भागत नाही. दात येताना पातळ होतं, त्याला आया आजार धरतच नाहीत. "न्हाय, ते दाताचं हुतं," म्हणतात. म्हणून व्याख्या तोंडात हवी: दिवसात तीनदा किंवा जास्त पातळ झालं असेल तर जुलाब, मग कारण काही असो. आणि 'पंधरा दिवस' हेही हवेतच राहतं. आमच्याकडं आठवड्याचा बाजार असतो. "मागच्याच्या मागच्या बाजारापासून आत्तापर्यंत," असं म्हटलं की बाईच्या डोळ्यांसमोर ते दिवस उभे राहतात: बाजाराला गेले तेव्हा पोर सासूजवळ ठेवलं होतं, तेव्हा बरं होतं, दुसऱ्या दिवशी लागलं. हे बाजाराचं मला कुणी शिकवलेलं नाही, कोरेगाव तालुक्यातल्या एका आशाताईंकडून मी ते उचललं.

तसंच मिसरीचं. 'तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?' याला इथली साठीतली बाई ठामपणे "नाही बाई" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तंबाखू पुरुष खातात, ती फक्त दात घासते. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, कधीकधी झोपताना एकदा. मिसरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, हे तिच्या मनात त्या प्रश्नाशी जोडलेलंच नसतं. मिसरीचा प्रश्न वेगळा, नाव घेऊन विचारायला हवा, आणि रक्तदाब मोजण्याआधी तर विचारायलाच हवा. अर्धा तास आधी मिसरी लावलेली असेल तर थांबायचं. मग पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या पातळीवर, बोलणं बंद. तीन वेळा मोजायचं आणि शेवटच्या दोहोंची सरासरी धरायची. या पाच मिनिटांत बोलणं बंद ठेवणं हे आमच्या भागात सगळ्यात कठीण काम आहे, कारण पाहुण्याजवळ गप्प बसणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून आधीच सांगायचं, "आजी, आता घड्याळात पाच मिनिटं आपण दोघी गप्प बसायचं, मग तुमचं सगळं ऐकते." आणि मग खरंच ऐकायचं.

रक्तदाबाच्या यंत्राचा आणखी एक उपयोग मी शिकवते. सुनेशी बोलायचं असतं, पाळी, गर्भपात, ऑपरेशन, आणि सासू जवळ बसलेली असते, हलत नाही. तिला बाहेर जा म्हणणं बरं दिसत नाही. आम्ही दोघी-दोघी जातो. एक जण सासूला म्हणते, "मावशी, तुमचा बीपी बघूया, बाहेर उजेडात या." सोप्यात खुर्ची टाकून पाच मिनिटांची विश्रांती, तीन वेळा मोजणी, सहज वीस मिनिटं जातात. आत सून बोलू शकते.

वयावर पहिल्या दिवसाची अख्खी दुपार जाते. लहान मुलांच्या बाबतीत आधी माता-बाल कार्ड मागायचं, ते डब्यात किंवा पत्र्याच्या पेटीत असतं, नाहीतर माहेरी राहिलेलं असतं. कार्ड नसेल तर सणांवरून महिना काढायचा. बेंदराच्या आधी का नंतर? पुसेगावच्या यात्रेत पोटात होतं का मांडीवर होतं? थोरांसाठी त्या त्या भागाच्या खुणा. माणमध्ये ७२ चा दुष्काळ: खडी फोडायला तुम्ही जात होता का, का आईबरोबर नुसत्या बसायचा? पाटणमध्ये भूकंप. एका आजीनं मला सांगितलं होतं, "मी पाळण्यात हुते. आईनं पाळण्यासकट वडून भाईर काडली, मागनं भित पडली." भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. तिच्या आधारकार्डावर जन्मसाल १९५५ होतं. पाळण्यातलं पोर बारा वर्षांचं कसं असेल?

दीड दिवस पूर्ण झाल्यावर खोकी उघडतात. फोनचा भाग खरं तर झटपट होतो, आजकालच्या मुलींना तो माझ्यापेक्षा लवकर येतो. चार-पाच गोष्टी मात्र मी प्रत्येकीकडून करून घेते. फोनची तारीख-वेळ हातानं बदलायची नाही. जीपीएस घराच्या आत किंवा पत्र्याखाली घ्यायचं नाही. अंगणात या, वर आभाळ दिसू द्या, अचूकता पाच मीटरपर्यंत उतरेपर्यंत थांबा. फॉर्म सेव्ह होणं आणि पाठवला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोयनेच्या वरच्या वाड्यांत नेटवर्क नसतं, तिथं फॉर्म फोनमध्येच राहतात आणि खाली रस्त्याला आल्यावर जातात. आणि ॲप अडकलं तर ते काढून पुन्हा टाकायचं नाही. एका मुलानं हे केलं होतं, तेव्हा न पाठवलेले ११ फॉर्म गेले. ती वाडी रस्त्यापासून दीड तास चढून आहे. तो आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो, अकराही घरांची माफी मागितली. एका घरानं आधी भाकरी खायला लावली, मग उत्तरं दिली.

दारात फोन काढला की लोकांच्या मनात काय येतं, हेही बोलतो. ओटीपी मागतील. फोटो काढतील. आणि अलीकडं सगळ्यात जास्त ऐकू येतं, "हे लाडक्या बहिणीचं हाय का? पैसं बंद तर व्हणार न्हाईत ना?" तेव्हा घाईनं 'नाही नाही' म्हणून पुढं जायचं नाही. खाली बसायचं, फोन तिच्या बाजूला वळवून पडदा दाखवायचा, बँक, आधार, ओटीपी यातलं काही मागणार नाही असं सांगायचं, आणि "नको वाटलं तर मधेच थांबा म्हणा, आम्ही उठू," हे सांगायचं. संमती म्हणजे सही नव्हे. सही कुठंही मिळते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी प्रत्येक तुकडीला सांगते, यंदा पहिल्यांदाच लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी एका कामात तिसऱ्या दिवशी रात्री आलेली माहिती बघत बसले होते. मुलांची वयं रांगेनं लावली. तीन वर्षांची पुरेशी होती. पाच वर्षांची भरपूर, सहाची भरपूर. चार वर्षांची मुलं एका टीमच्या गावांत जवळजवळ नव्हतीच. बायकांचंही तसंच: ४६, ४७, आणि मग एकदम ५०, ५१. गावात चार वर्षांची मुलं नसतील असं होत नाही. सर्वेक्षणाच्या कामात हे ओळखीचं दुखणं आहे, जगभर होतं: मूल पाचच्या आत असलं की लांबलचक भाग उघडतो, पाच पूर्ण लिहिलं की तो भाग मिटतो. फोनच्या दृष्टीनं पाच हे उत्तर बरोबरच असतं.

सकाळी मी एकटीच त्यातल्या एका गावात गेले. यादीत '५ वर्षं पूर्ण' लिहिलेला मुलगा उंबऱ्यावर बसून चुरमुरे खात होता. आईनं कार्ड काढून दाखवलं. चार वर्षं आठ महिने. दंडाचा घेर मोजायची पट्टी माझ्या पिशवीत असतेच. १२.१ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; साडेअकरा ते साडेबारा पिवळं, म्हणजे मध्यम. हा पिवळ्यात. आदल्या दिवशी त्याच्या घरी वजनकाटा घेऊन माणूस येऊन गेलं होतं आणि त्याचं वजन कुणी केलं नव्हतं.

ती यादी भरणारी मुलगी संध्याकाळी माझ्यासमोर बसली. तिनं काही लपवलं नाही. "मॅडम, एका लहान पोराचं सगळं करायला पाऊण तास जातो. पोर रडतं, काट्यावर उभं राहत नाही. फॉर्मवर पैसे आहेत. सहा झाले नाहीत तर गाडीभाडं माझ्या खिशातनं जातं." दर फॉर्ममागं मोबदला, हे काम देणाऱ्यांनी ठरवलं होतं. पण 'दिवसाला सहा झालेच पाहिजेत' हे वाक्य प्रशिक्षणात फळ्यावर मी लिहिलं होतं, माझ्या अक्षरात. नियम तिला पाठ होता, ते मीच घेतलेल्या चाचणीत मला दिसलं होतं. पाच मुलं असलेल्या घराचे आणि एकट्या म्हाताऱ्याच्या घराचे पैसे सारखेच, असं आम्हीच तिला सांगितलं, आणि त्याचा अर्थ तिनं बरोबर लावला.

तिला काढून टाकावं असं सांगण्यात आलं. मी ऐकलं नाही. ती आणि मी मिळून तिची सगळी घरं पुन्हा केली, सहा दिवस लागले. त्या मुलाचं नाव तिथल्या आशाताईंना कळवलं. त्यानंतर मी फॉर्मवर मोबदला असलेलं काम घेत नाही. रोजावर पैसे, गाडीभाडं वेगळं, आणि लहान मुलं असलेल्या घरांना जास्त वेळ धरून दिवसाचं गणित. यामुळं दोन कामं हातची गेली. जाऊ देत. प्रशिक्षण तीन दिवसांचं असो की दहा, मुलीला खरं उत्तर लिहिणं परवडत नसेल तर त्या प्रशिक्षणाचा काही उपयोग होत नाही, हे मी त्या उंबऱ्यावर बघितलं आहे.

म्हणून आता वयांचा तो तक्ता, गावाचं आणि मुलीचं नाव झाकून, मी पडद्यावर लावते आणि विचारते, "इथं काय झालं असेल?" यंदा मेढ्याच्या मुलीनं पहिल्या मिनिटात ओळखलं. म्हणाली, "कुणीतरी दमलं होतं."

शेवटच्या दिवशी सराव, सर्वेक्षणासाठी न निवडलेल्या एका गावात. मी दहिवडीच्या मुलीबरोबर गेले. घर तीन खोल्यांचं, दोन भाऊ, दोन दारं. पहिल्या दारात बाईनं चार नावं सांगितली. मुलीनं विचारलं, "एकत्रात का वेगळं?" वेगळं. दुसऱ्या दारातही चार. दोन्ही याद्या नीट जमल्या, फोननं पुढचा भाग उघडला. मुलगी उठता उठता थांबली आणि म्हणाली, "काकी, सोप्यात गोधडी घडी करून ठेवलीय, ती कुणाची?"

आजीची होती. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं, मग लोणंदला लेकीकडं. पहिल्या घरानं तिला धाकट्याची धरली होती, कारण महिना आजच संपत होता. दुसऱ्यानं थोरल्याची, कारण अजून यायची होती. ती मागं गोठ्याजवळ शेंगा निवडत बसली होती. "काल रात्री कुठं झोपला होता, आजी?" "हितंच की, सोप्यात." मुलीनं माझ्याकडं बघितलं नाही, उत्तर विचारलं नाही. मागं जाऊन थोरल्याची यादी उघडली आणि आजीला लिहिलं.

मिसरी सकाळी लावली होती, चार तास झाले होते. खुर्ची, पाय खाली, पाच मिनिटं दोघी गप्प. १७२/९८, १६८/९६, १६६/९४. बीपी कधी कुणी तपासलाय का, विचारल्यावर आजी म्हणाली, "लेकीच्या गावात एकदा गोळ्या दिल्या हुत्या. त्या तिकडंच ऱ्हाल्या." उपकेंद्राची चिठ्ठी लिहिली. मग मुलीनं धाकट्याला बोलावलं, उद्यापासून आजी तुमच्याकडं, ही चिठ्ठी तुमच्याजवळ ठेवा म्हणाली, आणि पुढच्या महिन्यासाठी लेकीचा लोणंदचा नंबर त्याच चिठ्ठीच्या मागं लिहून घेतला.